एक पायरी फिका

"बाहेरचा माणूस कशाला हवाय मी म्हणतो?"

"बाहेरचा? अण्णा, ते माझे बाबा आहेत!"

"बाबा असतील. पण या घरातले नाहीत ना? मी इथे बसलोय, धडधाकट, दोन्ही डोळे शाबूत. दुखणं रंगाचं. रंगाचा माणूस घरात असताना तू तारा जोडणाऱ्याला बोलावतेस?"

"दुखणं रंगाचं नाहीये. मशीनचं आहे."

"पिवळं दिसतंय ना सगळं? मग पिवळा हा रंग आहे की मशीन आहे?"

"अहो अण्णा, तुम्हाला त्यातलं…"

सून थांबली. वाक्याचा उरलेला अर्धा भाग तिने गिळला, पण तो कुणी ऐकला नाही असं थोडंच आहे? शेडमास्तरांनी तो नीट ऐकला. 'तुम्हाला त्यातलं काही कळत नाही.' कितीतरी वर्षांनी ऐकला, पण ओळखीचा होता.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, येऊ दे की त्यांना. फुकटात होतंय. तुमचं काय पोटात दुखतंय?"

दुखत पोटातच होतं. पण हे सोमवारी भर सकाळी, सुनेसमोर, असं ओरडून सांगायची काय गरज होती?

शेडमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी रंगाच्या दुकानात शेडा बनवल्या, म्हणून गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव. कुणी भिंतीचा पोपडा घेऊन यायचं, कुणी कोटाचं बटण, कुणी उशीच्या अभ्र्याचा कोपरा कापून. "मास्तर, अस्सा रंग पाहिजे." मास्तर तो तुकडा दुकानाच्या दारात, बाहेरच्या उजेडात धरायचे, एक डोळा मिटायचे, आणि मग पांढऱ्याच्या डब्यात थेंब थेंब रंग सोडायचे. ढवळायचे, पुठ्ठ्यावर बोटाने एक ठिपका द्यायचे. वाळायची वाट बघत बसले नाहीत कधी. कारण ओला रंग खोटं बोलतो हे त्यांना ठाऊक होतं. डब्यात दिसतो तो उजळ. भिंतीवर वाळला की एक पायरी खाली उतरतो. तेव्हा हुशार माणसाने डब्यातच एक पायरी फिका ठेवायचा, बाकीचं भिंत बघून घेते. नव्या पोरांना हे शिकायला दोन वर्षं लागायची. मास्तरांच्या अंगठ्यालाच ते कळायचं.

मग दुकानात मशीन आलं. तुकडा त्याच्या काचेखाली ठेवायचा, ते टिक् करायचं आणि आपणच रंग सोडायचं. पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी निळं बटण आणलं. मास्तरांनी एक डबा बनवला, मशीनने एक. दोन्ही शेजारी ठेवले. अख्ख्या दुकानात कुणाला फरक सांगता आला नसता. मालक डब्यांकडे न बघताच म्हणाले, "मशीनचा द्या. त्याला नंबर असतो. तुम्हाला त्यातलं काही कळत नाही, मास्तर." त्यानंतरची सहा वर्षं मास्तरांनी डब्यांची झाकणं लावली. लाकडी हातोडीने, कडेकडेने, टक टक टक.

म्हणून 'त्यातलं' हा शब्द ऐकला की त्यांच्या कानात टक टक सुरू व्हायची.

सुनेचं काम तसं रंगाचंच होतं, हीच तर गंमत. पडद्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई तिला कापडांचे फोटो पाठवायच्या आणि सोबत खऱ्या कापडाचे तळहाताएवढे तुकडे. सुनेने घरच्या कॉम्प्युटरवर बसायचं, तुकडा शेजारी ठेवायचा, आणि फोटोतला रंग तुकड्याला जुळेपर्यंत हलवायचा. गिऱ्हाइकं ते फोटो घरबसल्या बघून पडदे मागवायची. मुलगा नोकरीला दुसऱ्या गावी, महिन्यातून एकदा येणारा. हे काम म्हणजे सुनेचं या घरातलं स्वतःचं असं काहीतरी होतं. ती त्या टेबलाशी बसली की चेहराच बदलायचा तिचा.

मास्तर दारातून बघायचे. मनात म्हणायचे, हिने एकदा तरी विचारावं. 'अण्णा, हा विटकरी बरोबर आहे का हो?' बस, एवढंच. तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

आणि आता स्क्रीन पिवळी पडली होती. पांढरी पानं जुन्या वर्तमानपत्रासारखी दिसत होती. पिवळं मारायला सून फोटोत निळं घालत गेली, आणि लोकांच्या घरी पडदे पोचले तेव्हा बोंब झाली. "फोटोत राखाडी होता, हा तर शेवाळी आलाय!" एकदा झालं, दोनदा झालं. मालकीणबाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, "शनिवारपर्यंत चाळीस फोटो हवेत. यावेळी पडदे परत आले, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल गं."

अशा वेळी सुनेने फोन कुणाला केला? मास्तरांच्या भाषेत सांगायचं तर, घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. इथे घोडं धाडलं नव्हतं, व्याही स्वतःच येत होते.

व्याही आले ते दारापासून हसत. आयुष्यभर लोकांचे टीव्ही दुरुस्त केलेला माणूस. कुणाच्याही घरात शिरून थेट कोपऱ्यात जाऊन बसायची सवय. खांद्याला जुनी पिशवी, तिच्यात पेचकस, चिमटे, टॉर्च.

"काय मास्तर, तब्येत?"

"ठीक."

"रोगी कुठाय? चिमणे, पाणी दे आधी."

ही चिमणी म्हणजे सून. मास्तरांच्या घरात ती चिमणी नव्हती. इथे ती पदर खोचून, घड्याळ बघून वावरणारी, हळू बोलणारी बाई होती. बाप आला की तिचा आवाज दोन पट्ट्या चढायचा. आत्ताही ती हसत होती, "बाबा, पिशवी तीच? अजून फेकली नाही?" आणि मास्तर खुर्चीत बसून हिशेब लावत होते, की हे हसू आपल्या वाट्याला शेवटचं कधी आलं. आठवेना. बायकोने फुलांचे कप काढले. ते कप कपाटात इतके वर होते, की मास्तरांना वाटायचं ते बहुतेक फुटलेत.

व्याही टेबलाखाली घुसले, स्क्रीनच्या मागची जाड केबल काढली आणि तिचं तोंड उजेडात धरलं.

"हे बघ. पंधरा पाय असतात हिला. त्यातला हा एक वाकून बसलाय, नीट टेकतच नाहीये. हा निळ्याचा पाय."

"मग पिवळं का दिसतं?" बायकोने विचारलं. चौतीस वर्षं रंगाचा नवरा घरात, त्याला तिने एक प्रश्न विचारला नव्हता.

"निळा कमी पडला की पांढरं पिवळं दिसणारच, वहिनी. निळा भरला की झालं पांढरं."

मास्तर सावरून बसले. आता मात्र बोलायलाच हवं होतं.

"एक मिनिट. पिवळ्यात निळा घातला तर हिरवा होतो. पांढरा कुठून होईल?"

व्याह्यांनी चिमट्याने तो पाय हळूच सरळ केला, केबल लावली, दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले, आणि मग मान वर करून म्हणाले, "तो तुमच्या डब्यात, मास्तर! उजेडाचं गणित उलटं असतं."

आणि स्क्रीन पांढरी झाली. शुभ्र. धुतल्यासारखी.

सुनेने टाळ्या वाजवल्या. बायको "अगबाई!" म्हणाली. आणि तिघंही हसली. तशी ती हसली पांढऱ्या स्क्रीनला. पण मास्तरांना ते हसू हिरव्या रंगाला आलेलं वाटलं. चौतीस वर्षांत त्यांनी बनवलेल्या एकूण एक हिरव्याला.

"जरा निळसर वाटतंय," ते म्हणाले.

"कुठे?"

"पांढऱ्यात. किंचित. आणि लाल थोडा दबलाय."

"पांढरं असंच असतं हो मास्तर. पंधरा दिवस पिवळं बघून डोळे सोकावलेत, दोन दिवस द्या त्यांना," व्याही म्हणाले. मग त्यांनी स्क्रीनखालची बटणं दाबून एकेक आकडा बघितला, पिशवीतून कागदाची चिंधी काढली, काहीतरी लिहिलं आणि स्क्रीनच्या पाठीवर चिकटवून दिलं.

'सही करतोय,' मास्तर मनात म्हणाले. 'मोठा चित्रकार लागून गेलाय.'

दुपारी सून बापाला थांब्यापर्यंत सोडायला गेली. बायको शेजारणीला ती पांढरी स्क्रीन तोंडी दाखवायला गेली, भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, "पाच मिनिटांत हो! नुसता एक चिमटा!" घरात मास्तर आणि कॉम्प्युटर, दोघंच.

ते आधी टेबलाला वळसा घालून गेले. मग परत आले. मग सहज, म्हणजे अगदी सहज, खुर्चीत बसले. समोर विटकरी पडद्याचा फोटो उघडा होता, आणि शेजारी तुकड्यांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर विटकरी तुकडा. मास्तरांनी तो उचलला, खिडकीशी जाऊन उजेडात धरला, एक डोळा मिटला. मग घाईने येऊन स्क्रीनकडे बघितलं.

नाही म्हणजे नाही. निळसर होतंच. लाल दबलेला होताच. माणसाला चिमटा चालवता आला म्हणून नजर येत नाही.

स्क्रीनखाली चार बटणं होती. एक दाबलं तर यादी आली. रंगांची नावं आणि पुढे आकडे. मास्तरांचा अंगठा बटणावर टेकला. सहा वर्षं झाकणं ठोकणाऱ्या त्या अंगठ्याला कुणीतरी पुन्हा रंग सोडायला दिला होता. लाल दोन घर वर. निळा तीन घर खाली. तुकडा खिडकीशी, तुकडा स्क्रीनशी. लाल आणखी एक. पुन्हा खिडकी. असे किती हेलपाटे झाले कोण जाणे, पण शेवटी तुकडा स्क्रीनच्या कडेला टेकवला आणि कापड कुठे संपतं नि काच कुठे सुरू होते ते कळेना. जुळला! मग उजेडाच्या बटणावर अंगठा गेला, आणि हात धुवावेत इतक्या सहजपणे त्याने तो चढवला. चढवला, चढवला, आणि थांबला.

मास्तर मागे टेकून बसले.

जिन्यात सुनेच्या चपला वाजल्या तेव्हा ते खाटेवर आडवे होते, डोळ्यांवर वर्तमानपत्र.

सून येऊन टेबलाशी बसली. वर्तमानपत्राखाली मास्तरांनी कान टवकारले.

"आई, बघा ना, बाबांनी काय सुंदर लावून दिलंय! विटकरी तर हुबेहूब, जरासा फिका आहे एवढंच!" सून म्हणाली.

घ्या. पेरलं कुणी आणि कापलं कुणी. वर्तमानपत्र मास्तरांच्या श्वासाने वरखाली होत राहिलं.

सांगता आलं असतं की. 'तो विटकरी माझा आहे.' पण मग विचारलं असतं, न विचारता हात का लावलात? आणि दुसरं म्हणजे, मास्तरांना हे मागून घ्यायचं नव्हतं. आपणहून दिलेलं हवं होतं. म्हणून ते गप्प बसले आणि आतल्या आत कोळशासारखे धुमसत राहिले.

मंगळवार, बुधवार सून मान मोडून बसली. चाळीस तुकडे, चाळीस फोटो. बुधवारी संध्याकाळी तिने सगळे पाठवले आणि बोटं कडाकडा मोडली. जेवताना पुन्हा तेच. "बाबा नसते तर…" बायकोने पुस्ती जोडली, "देवमाणूस गं." मास्तरांनी अर्धी भाकरी ताटातच ठेवली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी मालकीणबाईंचा फोन आला.

सुनेचा चेहरा बघून मास्तर उठून बसले. तिच्या बाजूचंच बोलणं ऐकू येत होतं. "सगळे? … काळपट म्हणजे? … नाही हो, मी तुकडा शेजारी ठेवून… मोतियासुद्धा? … हो. हो. शनिवारपर्यंत परत देते. नक्की देते."

फोन ठेवून ती तशीच उभी राहिली. "सगळे फोटो काळवंडलेत म्हणे. चहा सांडल्यासारखे दिसतायत, म्हणाल्या. चाळीसच्या चाळीस."

"मग आता?"

"आता काय, आई? शनिवारी नाही दिले तर गेलं काम." आणि तिने बापाला फोन लावला.

पुढची दहा मिनिटं म्हणजे… काय सांगावं? मास्तरांनी त्या दहा मिनिटांत तीन बिस्किटं खाल्ली. चवीने, कडा आधी कुरतडून. "बाबा, तुम्ही काय करून ठेवलंत? … नाही, आधी पिवळं होतं तेव्हा निदान मला कळत तरी होतं! … तुम्हाला येत नव्हतं तर सांगायचं ना! … टीव्ही वेगळा आणि हे वेगळं, बाबा. तुम्हाला त्यातलं कळत नाही!"

तेच वाक्य. अख्खं. तेही दुसऱ्याला! मास्तरांना वाटलं होतं हे ऐकून गार वाटेल, आणि वाटलंही. तिसरं बिस्किट संपेपर्यंत. मग कुठूनतरी टक टक सुरू झाली. त्यांनी सोमवारी दुपारी काय काय दाबलं ते आठवून बघितलं. लाल बरोबर होता. निळा बरोबर होता. विटकरी जुळला होता, डोळ्यांदेखत जुळला होता. मग आपलं काही चुकलेलं नाही. चुकलं असेल तर त्या पायाचं. ते मनाला असं पटवत होते, आणि मन शहाण्या गिऱ्हाइकासारखं ऐकून घेत होतं, पण डबा काही उचलत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी व्याही आले. दाराशी हसले नाहीत. 'चिमणे' म्हणाले नाहीत. सुनेनेही पाणी दिलं ते टेबलावर ठेवून. आणि मालकीणबाईंचा फोन वाजला तशी आतल्या खोलीत निघून गेली. बायको दळण आणायला बाहेर. फुलांचे कप पुन्हा वरच्या फळीवर.

व्याह्यांनी केबल काढली, टॉर्च धरला, पंधरा पाय मोजले. पुन्हा मोजले. भिंगातून बघितलं. मग केबल मांडीवर घेऊन तसेच जमिनीवर बसून राहिले.

"पाय सरळ आहे, मास्तर."

मास्तर खुर्चीतून उतरून त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"रात्रभर विचार केला. काही सुचत नाही. तिने माझ्यावर आवाज चढवला हो काल. लग्नानंतर पहिल्यांदा." त्यांनी घसा खाकरला. "तुम्ही बघता का जरा? खरंच सांगतो, मला पाय कळतात, तारा कळतात. रंगातलं तुम्हाला कळतं."

चौतीस वर्षं रंगाची, सहा झाकणांची, आणि वर ही घरी बसलेली रिकामी तीन. ज्या एका वाक्याची वाट बघितली, ते आलं. आणि आलं कुणाच्या तोंडून, तर ज्याच्या तोंडून यायला नको होतं त्याच्या. मास्तरांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्यांनाच कळलं नाही.

केबल परत लावायला व्याह्यांनी स्क्रीन फिरवली. पाठीवरची ती चिंधी समोर आली. टीव्ही दुरुस्त केला की आकडे लिहून मागे डकवायचे, उद्या गिऱ्हाइकाने काही उलटसुलट केलं तर आपल्याला ठाऊक असावं. जुनी सवय त्यांची. त्यांनी ती वाचली. केबल लावली, स्क्रीन सरळ केली, बटण दाबून यादी उघडली. पुन्हा मागे वाकून वाचली.

"मी गेलो तेव्हा उजेड पन्नास होता," ते हळू आवाजात म्हणाले. "आता ऐंशी आहे."

मास्तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले.

"आणि लाल तीन घर वर. निळा तीन खाली." व्याह्यांनी तो वरचा विटकरी तुकडा उचलून काचेला टेकवला. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मास्तरांकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. राग मास्तरांना झेपला असता.

"इतका नेमका लाल माझ्याच्याने झाला नसता," व्याही म्हणाले. "जन्मात नाही. एकच विचारू का, मास्तर? रंग एवढा बारीक जुळवलात, मग उजेडच तेवढा भलता का?"

"भलता कुठे? एक पायरी फिका…" मास्तर बोलून गेले आणि थांबले.

"फिका कशाला?"

"वाळल्यावर…" मास्तर म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता आणि चोरी करताना सापडला होता.

"वाळल्यावर एक पायरी उतरतो ना रंग," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "म्हणून आधीच फिका ठेवायचा."

व्याही आधी गंभीर होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्यांनी तोंडावर हात दाबला, आणि बोटांतून फुटलं ते हसू, "मास्तर! अहो मास्तर! ही वाळत नाही हो! काच आहे!"

आणि काय सांगावं, मास्तरांनाही हसू आलं. नको होतं, पण आलं. दोन म्हातारे जमिनीवर बसून, तोंडं दाबून, आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून डोळ्यांतून पाणी काढून हसले. स्क्रीन उजळ, म्हणून पोरीला प्रत्येक फोटो फिका दिसला. फिका दिसला म्हणून तिने तो गडद केला. चाळीस वेळा केला. सगळं इतकं सरळ होतं.

"लाल-निळ्याला हात लावायचा नाही, ते तुमचे राहू देत," व्याही डोळे पुसत म्हणाले. "फक्त उजेड उतरवतो. तुम्ही सांगा कुठे थांबायचं ते."

"उतरवा. अजून. अजून थोडा. थांबा!" मास्तर तुकडा घेऊन खिडकीशी गेले, परत आले. "एक घर खाली. हां. वाळलेला आहे असं समजून बघतोय मी आता."

पुन्हा दोघांना हसू फुटलं. विटकरी बसला. शेवाळी बसला. मोतिया, जो सगळ्यात नाठाळ, तोही बसला. तेवढ्यापुरते मास्तर सुखात होते. शेजारी माणूस बसलाय, त्याच्या हातात बटण आणि आपल्या हातात तुकडा. दुकानात सुद्धा असं कधी झालं नव्हतं.

सून बाहेर आली. डोळे लाल, हातात फोन. "उद्या दुपारपर्यंत दिलेत त्यांनी. सापडलं का काही?" आणि मग तिची नजर स्क्रीनवर गेली, तुकड्यावर गेली, परत स्क्रीनवर. "हे… हे बरोबर आहे. अगदी बरोबर आहे! काय झालं होतं?"

मास्तरांचं तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. शब्द जिभेवर होता, एकाक्षरी: मी.

"माझंच चुकलं होतं, चिमणे," व्याही उठता उठता म्हणाले. "उजेड जास्त ठेवून गेलो सोमवारी. चष्मा बदलायला झालाय माझा. हे मास्तरांनी पकडलं. त्यांनीच जुळवून दिलं सगळं." आणि बोलता बोलता त्यांनी स्क्रीनच्या पाठीवरून हात फिरवला, चिंधी सोलून काढली, मुठीत चुरगळली आणि खिशात टाकली. टीव्ही उघडून बंद करावा इतक्या सफाईने.

मास्तर बघत राहिले.

सगळ्यात आधी काय वाटलं असेल तर सुटका. आणि तिच्या मागोमाग, तिच्या पदराला धरून आली ती जुनीच जळजळ. पण एवढी मोठी कधी नव्हती. हसू याचं होतं, चिमणी याची होती, फुलांचे कप याचे होते. आता मोठेपणाही यानेच न्यावा? बोलणी खायची तर तीही याने, आणि वर आपल्याला मान द्यायचा तर तोही याने, खिशातून पेपरमिंट काढून पोराला द्यावं तसा! मास्तरांसाठी काही उरलंच नव्हतं. खरं बोलायची पाळी होती, तीही हा माणूस आधीच घेऊन गेला होता.

"बाबा, तुम्ही पण ना!" सून म्हणाली. आवाजात राग होता आणि रागात माया. ती मायाच जास्त. मग ती मास्तरांकडे वळली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याकडे तशी बघत होती, जशी स्क्रीनकडे बघायची.

"अण्णा, तुम्ही एवढं करू शकता हे मला माहीतच नव्हतं. मी विचारायलाच हवं होतं. सोमवारी किती बोलले मी तुम्हाला." तिने खुर्ची ओढली, दुसरी तिच्या शेजारी मांडली, आणि त्या दुसरीवर हात थोपटला. "बसा ना इथे. चाळीस फोटो आहेत, एकटीला उद्यापर्यंत नाही व्हायचे. तुम्ही तुकडा धरा आणि सांगत जा. यापुढे बाबांना हात लावू द्यायचा नाही, या टेबलाचं सगळं तुमच्याकडे. बघाल ना, अण्णा?"

व्याही पिशवीचा बंद लावत होते. मान खाली. बंद एकच होता, पण लावून संपत नव्हता.

"अण्णा? बघाल ना?"

तीन वर्षं हवी होती ती हीच खुर्ची, पण ती व्याह्यांच्या खिशातून आली होती. शेडमास्तरांनी विटकरी तुकडा टेबलावर ठेवला, बोटांनी त्याची सुरकुती सरळ केली. मग दाराशी गेले, चपला पायात सरकवल्या, आणि मागे न बघता जिना उतरून गेले.